मोजायच्या आधी उघडलेलं कार्ड

माझं काम कार्ड बसवायचं. एस. पी. रोडवर नागराजण्णाचं कॉम्प्युटरचं दुकान हाय, त्याच्या मागच्या अंगाला एक लांब टेबल हाय. त्या टेबलामागं मी एकवीस वर्षं बसतोय. निपाणीत सातवी झाली नाही, रेडिओच्या दुकानात चिकटलो, रेडिओवरनं टीव्हीवर आलो, टीव्हीवरनं बेंगळूरला. कुणी परसू म्हणतंय, कुणी मामा म्हणतंय. दोन्हीला ओ देतो.

गेम खेळणाऱ्यांच्या आणि चित्रं-पिच्चरचं काम करणाऱ्यांच्या मशिनीत एक वेगळं कार्ड लागतंय, ग्राफिक्स कार्ड. त्याची चिप करणारी कंपनी एक. पण ती चिप घेऊन धा कंपन्या आपापलं कार्ड बांधतात. आपले पंखे, आपली जाळी, आपले दिवे. त्याला कस्टम म्हणतात. त्यातलं भारी कस्टम म्हणजे विटेपेक्षा लांब आणि वजन अडीच किलो. नुसतं मशिनीत खोचलं तर आपल्याच भारानं वाकतंय, खालनं टेकू द्यावा लागतोय.

आणि ह्या भारी कार्डांचा मुहूर्त असतोय. लग्नाचासुद्धा इतका कडक नसेल. मागच्या एका खेपेला असं होतं बघा. ज्यांना कार्ड आधी तपासायला मिळतंय त्यांना साध्या कार्डांबद्दल बोलायची परवानगी बुधवारी संध्याकाळी साडेसहाला. भारी कस्टमबद्दल गुरुवारी साडेसहाला. आणि दुकानात विकायचं शुक्रवारी साडेसहाला. माल आधीच येऊन पडलेला असतोय, पण डबा फोडायचा नाही. नागराजण्णानं तसं सही करून दिलेलं. वितरकाचा माणूस प्राणेश, तो दोनदा येऊन डब्यांच्या चिकटपट्टीचे फोटो काढून गेला. आठ डबे होते.

आता रम्याचं सांगतो. राजाजीनगरात विठ्ठलराव म्हणून हायत, तीन पिढ्या इथंच, कापडाचं दुकान. घरात मराठी बोलतात, पण मधी मधी कन्नड अशी घुसलेली की त्यांना स्वतःला कळत नाही. त्यांची ही पोरगी. मारतहळ्ळीला एका कंपनीत चांगली नोकरी होती. ती त्या खेपेच्या आठ महिने आधी सोडली आणि घरच्या वरच्या खोलीत कार्डं तपासून त्याचे व्हिडिओ टाकायला लागली, कन्नडमधनं. मी तिला तपासायची उघडी मशीन बांधून दिली, तवापासनं ओळख. कार्ड घ्यायची ती आमच्याकडनंच, सगळ्यांसारखी विक्री सुरू झाल्यावर. म्हणजे तिचा व्हिडिओ यायचा चार दिवसांनी, आणि तवर लोकांनी दुसऱ्यांचे बघून डबे उचललेले असायचे. ती मला एकदा म्हणाली होती, की ह्या धंद्यात पहिला एक तास खरा, बाकी सगळी रद्दी.

तर त्या खेपेला पहिल्यांदा कंपनीनं तिला त्याच भारी कस्टममधलं एक कार्ड आधी पाठवलं. प्राणेश स्वतः घेऊन आला. गुरुवारी साडेसहाला बाकीच्यांबरोबर तिचाही व्हिडिओ येणार होता. तो वेळेवर आला आणि बरा चालला तर पुढची कार्डंही येणार. नाही तर परत नोकरी शोधायची, असं तिचं आणि विठ्ठलरावांचं ठरलेलं. वर्षाची मुदत होती, त्यातले आठ महिने गेलेले.

सोमवारी सकाळी मी टेकू बसवायला गेलो. कार्ड बसवलं. तिनं एकदा चालवून बघितलं, वीस मिनिटं. पंखे असे ओरडायला लागले की विठ्ठलराव खालनं वर आले. कार्डात मेंदू मधी असतोय, आणि भोवतीनं मेमरीच्या बारक्या चिपा. त्या चिपांचा आकडा तिनं बघितला. एकशे चार डिग्री.

"मामा, हे बरोबर आहे का?" ती म्हणाली.

मी म्हटलं, नवीन हाय, बघू. तेवढ्यात जयनगरनं तिच्या मावशीचा फोन आला. मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि ही अजून घरीच. चारपर्यंत येते म्हणून साडी सावरत गेली.

मी राहिलो टेकू घट्ट करत. आणि ते कार्ड माझ्यासमोर.

तुम्हाला सांगतो, मला आजारी वस्तू समोर ठेवून जेवण जात नाही. एकशे चार म्हणजे कायतरी आत बिघडलंय हे मला हाताला कळतंय. जाळी आणि चिपा ह्यांच्या मधी रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात, त्यांनी उष्णता जाळीत जाती. पट्टी सरकली की चिप भाजती. पंधरा मिनिटांचं काम. एका स्क्रूवर कंपनीचं चिकट लेबल असतंय, उघडलं की फाटावं म्हणून. त्याला गरम वारा दिला की ते न फाटता उठतंय. मी खाली जाऊन विठ्ठलरावांना केस वाळवायची मशीन मागितली.

ते म्हणाले, "कार्ड भिजलं काय?"

मी म्हटलं, नाही, स्वल्प गारठलंय. ते बघत राहिले, पण मशीन दिली.

उघडलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी तिरकी. दोन चिपा अर्ध्या उघड्या पडलेल्या. मी सगळ्या जुन्या पट्ट्या काढल्या, माझ्या पेटीतल्या चांगल्या घातल्या. हात लागलाच हाय म्हणून मेंदूवरची पेस्टही पुसली आणि माझी लावली. कंपनी लावती त्यापेक्षा मी चांगली लावतो, ह्यात बढाई नाही, मी एकेक करतो आणि ते हजारानं करतात. परत बंद केलं, लेबल बसवलं, चालवलं. शहाऐंशी. पंख्यांचा आवाज असा की खालची शिट्टी ऐकू यावी कुकरची.

ती आली तवा मी निघालेलो. दारातच भेटली. मी म्हटलं, आता बघ, नीट बसवलंय.

एवढंच म्हटलं. का, ते सांगतो. आमच्यात नवीन माल उघडला हे गिऱ्हाइकाला कधी सांगत नाहीत. सांगितलं की त्याला ते जुनं वाटायला लागतंय. घरी जाऊन बायकोला म्हणतंय, मला फसवलं. कितीतरी नवीन मशिनी मी गुपचूप बऱ्या करून दिल्यात आणि लोक मला म्हणालेत, काय मस्त कंपनी हाय. मी हो म्हणतो. एकवीस वर्षांची सवय. तिला सांगायचं असं माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं पोरीचं काम सोपं केलं.

मंगळवारी तिचा फोन आला, म्हणाली मामा आता शहाऐंशी दाखवतंय, सोमवारी काय झालं होतं. मी म्हटलं, बसलं नव्हतं नीट. ती म्हणाली, सरी, म्हणजे ठीक. तिला वाटलं मशिनीत बसलं नव्हतं. मी खोटं बोललो नाही तसं. पट्टी बसली नव्हतीच की.

मग तिनं दोन दिवस काम केलं. सतरा गेम, प्रत्येक तीन-तीन वेळा, आकडे लिहून. सोमवारची ती एकशे चारची नोंद तिनं काढून टाकली.

गुरुवारी दुपारी बाराला तिनं मला बोलावलं. व्हिडिओ तयार झाला होता. म्हणाली, मामा तुम्ही पहिलं बघा. विठ्ठलरावही दुकान सोडून आलेले. वरच्या खोलीत आम्ही तिघं. मी खुर्चीवर, ते पलंगावर, ती उभी, नखं खात.

चांगला केला होता. मला गेममधलं कळत नाही, पण आकड्यांच्या पट्ट्या कळतात. गरम होण्याच्या पट्ट्यांत, तिनं आधी मोजलेल्या कार्डांपेक्षा आमचं कार्ड सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात गार. ती कन्नडमधी म्हणत होती, की ह्या कंपनीकडनं मला एवढी अपेक्षा नव्हती. मी मनात म्हटलं, मलाही नव्हती. आणि मग ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, की मी जे मोजलंय तेच तुमच्या घरी येणार, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून घ्या.

माझी नजर पडद्यावरनं त्या स्क्रूवरच्या लेबलावर गेली.

व्हिडिओ संपला. विठ्ठलराव म्हणाले, चांगला आहे, पण तू फार भरभर बोलतेस. ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "रम्या, ते कार्ड मी उघडलंय."

"कधी?"

"सोमवारी. तू जयनगरला गेल्यावर. पट्टी तिरकी होती. सगळ्या बदलल्या. पेस्टही."

ती वळली. मशिनीपाशी गेली, स्क्रूवरचं लेबल बोटानं चाचपलं, वाकून उजेडात बघितलं. लेबल जिथल्या तिथं होतं. मी काम चांगलं केलेलं.

विठ्ठलरावांना हे काय चाललंय ते हळूहळू कळत होतं. ते म्हणाले, "म्हणजे ह्यांनी आधी औषध दिलं, आणि तू मग ताप मोजलास."

"हो अप्पा."

"आणि सगळ्यांना सांगितलंस की हे पोर कधी आजारी पडत नाही."

"अप्पा, पुरे."

मी म्हटलं, परत होतं तसं करतो. ती म्हणाली कसं करणार. खरंच कसं करणार. जुन्या पट्ट्या मी काढून टाकलेल्या, आणि समजा ठेवल्या असत्या तरी तिरकी पट्टी किती तिरकी होती ते कोण सांगणार. मग मी म्हटलं, गरमचा तेवढा भाग काढून टाक, वेगाचे आकडे राहू देत. ती म्हणाली, मामा, गरम झालं की कार्ड आपणच हळू चालतं, तुम्हीच मला शिकवलंय. सतराच्या सतरा गेमचे आकडे तुमच्या पेस्टवरचे आहेत.

साडेबारा वाजले होते. सहा तास.

एकच वाट होती. आमच्या दुकानात ते आठ डबे. एक फोडायचा, दुपारभरात होईल तेवढं मोजायचं. ती विचारणार नव्हती, मला माहीत होतं. म्हणून मीच रिक्षा केली आणि दुकानात आलो.

नागराजण्णाला सगळं सांगितलं. माणूस चांगला हाय, पण कागदावर सही केली की त्याचा चेहरा बदलतोय. त्यानं जेवणाचा डबा बाजूला सारला, हात पुसला.

"परसू, उद्या साडेसहाला फोड. एक सोडून आठ फोड," तो म्हणाला. "आज फोडलास तर प्राणेश माझा माल बंद करतोय. चूक तुझी. माझं दुकान कशाला त्यात?"

मी म्हटलं, खरं हाय. खरंच होतं. त्यानं मला ताक पाजलं आणि परत पाठवलं.

मी पोचलो तवा ती प्राणेशशी फोनवर बोलत होती, फोन टेबलावर ठेवून, आम्हाला ऐकू यावं असा. तिनं त्याला सगळं सांगून टाकलेलं. पट्टी तिरकी होती, उघडलं गेलं, बदललं. तो लगेच गोड बोलायला लागला. म्हणाला, बाकीच्यांची कार्डं चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच दाखवतायत, तुमचं शहाऐंशी त्यात बसतंय, मग अडचण काय. तुमचं एक कार्ड प्रवासात हललं असेल, तुमच्या माणसानं नीट केलं, उपकार झाले. आहे तो व्हिडिओ टाका. उघडल्याचं मी ऐकलं नाही.

मी तिच्याकडं बघितलं. मलाही वाटलं, टाकावं. बाकी सगळ्यांचं तेवढंच येतंय म्हटल्यावर खोटं कुठं हाय. माझं काळीज हलकं झालं होतं खरं तर.

ती म्हणाली, "प्राणेश सर, ते शहाऐंशी परसूमामांचं आहे. तुमच्या कंपनीचं किती ते मला माहीत नाही."

तो म्हणाला, मग तुम्ही ठरवा. पण साडेसहापासनं साडेसातपर्यंत कुणाकुणाचं आलं ते वरचे लोक मोजतात, आणि पुढची यादी वरनं येते, माझ्या हातात नाही. आणि उघडल्याचं तुम्ही लिहिणार असाल तर मलाही वर लिहून कळवावं लागेल. त्यानं धमकी दिली असं नाही हां. साधं सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं.

फोन ठेवल्यावर ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. विठ्ठलरावांनी कॉफी आणली, स्वतः. मी त्यांना म्हटलं, माझ्यामुळं झालं. ते म्हणाले, "तुम्ही वाईट केलं असतं तर बरं होतं, परसू. शिव्या देता आल्या असत्या."

साडेसहा वाजले. तिच्या पडद्यावर एकामागून एक व्हिडिओ येऊन पडायला लागले. इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगू. एकजण तर कार्ड डोक्यावर घेऊन नाचत होता, पंच्याऐंशी डिग्री म्हणून. तिनं आपला व्हिडिओ टाकला नाही. दोन ओळी लिहिल्या, कन्नडमधी आणि इंग्लिशमधी. मला मराठीत वाचून दाखवल्या. माझ्याकडं आलेलं कार्ड मोजण्याआधी उघडलं गेलं होतं, चूक माझ्या टेबलावरची आहे. दुकानातली कार्डं मोजून मग सांगते.

मी म्हटलं, माझं नाव घाल. परसू म्हणून घाल, लोकांना काय कळतंय परसू कोण.

"टेबल माझं आहे मामा," ती म्हणाली.

खाली लोकांनी लिहिलं ते तिनं वाचलं नाही. विठ्ठलराव मात्र एकेक वाचून सांगत होते. अक्का झोपल्या वाटतं. कंपनीनं कार्ड परत मागितलं काय. एकानं लिहिलेलं, हे बरं, न मोजता सुट्टी. ते त्यांना आवडलं, दोनदा वाचलं.

शुक्रवारी साडेसहाला विक्री सुरू झाली. तीन डबे लोक तसेच बंद घेऊन गेले. पाचजणांना पूरी मशीन बांधून पाहिजे होती, शनिवारची वेळ दिली. शनिवारी सकाळी रम्या आली, लॅपटॉप घेऊन. तिचं म्हणणं असं, की मामा मशीन बांधतील, मी प्रत्येक कार्ड वीस-वीस मिनिटं मोजीन, मामांनी काही करायच्या आधी. गिऱ्हाईक हो म्हणालं तरच.

नागराजण्णाला हे पसंत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं एखादं गरम निघालं तर ते पैसे मागतंय, उगा नसलेलं दुखणं दाखवायचं कशाला, असं त्याचं. मग म्हणाला, आमच्या दुकानाचं नाव दाखवणार काय. ती म्हणाली, नाही दाखवत. तो म्हणाला, चांगलं निघालं तर दाखव.

पहिलं पंच्याऐंशी. दुसरं सत्त्याऐंशी. नागराजण्णा येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मला वाटलं झालं, तिच्याकडचंच एक आजारी होतं, बाकी सगळी धडधाकट. म्हणजे माझ्या दुरुस्तीनंतरचा तो व्हिडिओ खराच होता आणि ती उगाच थांबली. तिलाही तसंच वाटलं असणार. पेन टेबलावर आपटत होती.

तिसरं एकशे दोन.

ते गिऱ्हाईक म्हणालं, परत कंपनीकडं पाठवा, मी थांबतो. नागराजण्णानं तोंड फिरवलं आणि फोनवर बोलायला लागला, पलीकडं कुणी नसताना. चौथं शहाऐंशी.

पाचवं एका बाईचं. हेमावती म्हणून, मारतहळ्ळीवरनं आलेल्या, घरी बसून लहान पोरांच्या कार्टूनची चित्रं हलवायचं काम करतात. सोमवारी त्यांना काम द्यायचं होतं, जुनी मशीन बसलेली. कन्नडमधी बोलायच्या, मराठी समजायची. मी बांधली, चालू केली. चार मिनिटांत पंख्यांचा आवाज बदलला. आकडा बघायला मला पडदा लागला नाही.

माझा हात पेटीत गेला. मला सांगून नाही जात तो. स्क्रूड्रायव्हर हातात आलेला, आणि रम्या लॅपटॉपवरनं डोकं न उचलता म्हणाली,

"मामा, अजून सोळा मिनिटं."

मी स्क्रूड्रायव्हर ठेवला. खुर्चीवर बसलो. समोर ते कार्ड ओरडतंय, आत दोन चिपा भाजतायत, कुठल्या कोपऱ्यात ते मला ठाऊक हाय, आणि बाई माझ्या तोंडाकडं बघतायत. त्यांनी विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, मोजून होऊ दे. त्यांनी विचारलं, तुम्हाला करता येत नाही काय. मी म्हटलं, येतंय. मग बसलाय का, असं त्यांनी नाही विचारलं, पण नजर तशीच होती. एकवीस वर्षांत माझ्याकडं कुणी तसं बघितलं नव्हतं.

सोळा मिनिटांनी तिनं लिहिलं. एकशे पाच.

मग रम्यानंच बाईंना समजावून सांगितलं. कंपनीकडं पाठवलं तर बदलून मिळेल, तीन आठवडे जातील. इथं उघडलं तर आज चालेल, पण पुढं काही झालं तर कंपनी हात वर करील. बाईंनी थोडा विचार केला.

"सोमवारी काम द्यायचंय मला," त्या म्हणाल्या. "उघडा."

"उघडा मामा," रम्या म्हणाली, आणि मोबाईलचा कॅमेरा माझ्या हातांवर धरला. मी लेबलाला गरम वारा नाही दिला. सरळ फाडलं. जाळी उचलली. तोच वरचा उजवा कोपरा, तशीच तिरकी पट्टी. ती म्हणाली, बोट दाखवा. मी दाखवलं.

तिचा व्हिडिओ मंगळवारी आला. पाच कार्डं, एक नाही. तीन बरी, दोन नाही. आणि तिरकी पट्टी कशी ओळखायची. कुणी नाचलं नाही त्यात. पहिल्यांदा वेळेवर आला असता तर जेवढ्यांनी बघितला असता, त्याच्या धाव्या हिश्श्याएवढ्या लोकांनी बघितला असेल. त्यातले काहीजण डबा घेऊन आमच्याकडं आले, आमच्याकडनं न घेतलेलेसुद्धा. मोजून द्या म्हणायचे. मी आधी मोजतो, मग उघडायचं का विचारतो, आणि उघडलं की तोंडावर सांगतो उघडलंय म्हणून. दोघे-तिघे त्यावरनं डबा उचलून परत गेले. जाऊ देत.

प्राणेशचा एकदा फोन आला होता तिला. त्या दोन गरम कार्डांच्या डब्यांवरचे नंबर मागून घेतले. कशाला ते सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी पुढचं भारी कार्ड आलं. ज्यांना आधी द्यायचं त्या यादीत तिचं नाव नव्हतं. गुरुवारी साडेसहाला बाकीच्यांचे व्हिडिओ पडले. शुक्रवारी साडेसहाला ती दुकानात आली, बॅग माझ्या टेबलावर ठेवली, आणि नागराजण्णाला विचारलं, उद्या बांधायच्या मशिनी किती. तो वहीत बघून म्हणाला, सात. ती म्हणाली, मग नऊला येते. विठ्ठलरावांची वर्षाची मुदत संपायला एक महिना होता. त्याबद्दल मी विचारलं नाही. तिची खुर्ची तेवढी पुसून ठेवली.